वसई ते लूव्हन: कॅथलिक युनिव्हर्सिटीतलं माझं एक वर्ष

बेल्जियममधल्या के यू लूव्हनमधून फिलॉसॉफीचं एक वर्षाचं मास्टर्स करून मी २०२५च्या जुलैत परत आले. आल्यापासून ओळखीतल्या मुलामुलींचे मेसेज येतायत आणि प्रश्न साधारण दोनच असतात, एक म्हणजे व्हिसाचं कसं केलंस, आणि दुसरा म्हणजे कॅथलिक युनिव्हर्सिटीत वातावरण कसं असतं, आपलं तिथे जमेल का. दुसरा प्रश्न कॅथलिक नसलेले जास्त विचारतात, घाबरत घाबरत. पण खरं सांगायचं तर तो प्रश्न आमच्यासारख्या कॅथलिकांनीसुद्धा विचारायला हवा. म्हणून सगळं क्रमाने लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी वसईची, कुपारी. म्हणजे घरात सामवेदी बोलणारी, मराठी शाळेत शिकलेली आणि रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, न चुकता जाणारी. मुंबई युनिव्हर्सिटीतून फिलॉसॉफीत एमए झालं होतं आणि पुढे फिनॉमेनॉलॉजी (आपल्याला गोष्टी अनुभवात कशा दिसतात याचा अभ्यास करणारी तत्त्वज्ञानाची शाखा) शिकायची होती, त्यासाठी लूव्हनचं नाव सगळ्यात वर येतं. मम्मी-पप्पांसाठी मात्र कारण वेगळं होतं. १४२५ साली पोप पाचवे मार्टिन यांच्या फर्मानाने सुरू झालेली युनिव्हर्सिटी, नावातच कॅथलिक, मग मुलगी एकटी गेली तरी आपल्याच माणसांत राहील असा त्यांचा हिशोब. मलाही मनातून तसंच वाटत होतं.

२०२३च्या नोव्हेंबरमध्ये आयईएलटीएस म्हणजे इंग्रजीची परीक्षा दिली, तेव्हा फी सोळा-सतरा हजार होती. अर्ज ऑनलाइन असतो, युरोपबाहेरच्यांसाठी शेवटची तारीख १ मार्च होती, काही कोर्सेसची त्याही आधी असते तर कोर्सच्या पानावरच बघा. अर्जाची फी भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही आणि ती परत मिळत नाही. मोटिव्हेशन लेटरमध्ये श्रद्धेबद्दल लिहावं का हा प्रश्न मला खूप छळत होता. आमच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) फादरांना विचारलं तर ते म्हणाले, तू तिथे काय शिकणार ते लिही, बाकीचं देवाला माहीत आहे. तसंच केलं. अर्जात धर्माचा रकाना मला कुठे दिसला नाही, बाप्तिस्म्याचा दाखला कोणी मागितला नाही, फादरांचं शिफारसपत्र लागत नाही. दोन शिफारसपत्रं जोडली तीही शिकवणाऱ्या सरांची आणि मॅडमची. हिंदू, मुस्लिम, बौद्ध, कोणीही असाल तर या बाबतीत अजिबात धाकधूक नको.

मेच्या मध्यावर ॲडमिशनचं पत्र आलं आणि खरी धावपळ तिथून सुरू झाली. डिग्री आणि मार्कशीटची आधी युनिव्हर्सिटीकडून पडताळणी, मग राज्य सरकारचं अटेस्टेशन, मग परराष्ट्र खात्याचा अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा शिक्का. पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलिस क्लिअरन्स, त्याचे ५०० रुपये, आणि त्यालाही अपॉस्टिल. मेडिकल सर्टिफिकेट त्यांच्या यादीतल्या डॉक्टरचंच चालतं. ही सगळी कामं एकापाठोपाठ एक न करता जी समांतर होतील ती समांतर करा, नाहीतर जून निघून जातो.

वसईकरांनो, आडनावाकडे खास लक्ष द्या. आपल्यात डी आणि पुढे वरचा स्वल्पविराम अशी आडनावं भरपूर. दहावीच्या सर्टिफिकेटवर तो स्वल्पविराम असतो, आधारवर नसतो, पासपोर्टवर मधे जागा सोडलेली असते, आणि वडिलांच्या कागदांवर चौथंच स्पेलिंग. मी पासपोर्टवरचं नाव पक्कं धरलं, 'ही सगळी नावं एकाच व्यक्तीची' असं ॲफिडेव्हिट नोटरीकडून करून घेतलं आणि प्रत्येक गठ्ठ्याला त्याची कॉपी लावली. खर्च पाचशेच्या आत, पण त्याने झोप लागली.

पैशांचं म्हणाल तर मी गेले तेव्हा, २०२४मध्ये, महिन्याला आठशे युरोंच्या आसपास खर्च करू शकता हे दाखवावं लागायचं, आकडा दरवर्षी वाढतो. मी वर्षभराची रक्कम युनिव्हर्सिटीच्याच ब्लॉक्ड अकाउंटवर भरली, ती नंतर दर महिन्याला हप्त्याने तुमच्या खात्यात येते. पप्पांनी वाडीवर कर्ज काढलं होतं आणि तेव्हा युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता, बँकेत ट्रान्सफरचा फॉर्म भरताना त्यांनी आकडा दोनदा वाचून घेतला. शिवाय व्हिसाच्या फीव्यतिरिक्त बेल्जियमच्या इमिग्रेशन ऑफिसची वेगळी फी असते, दोनशे युरोंच्या वर, ती आधी भरून पावती जोडावी लागते. ही दुसरी फी खूप जणांना माहीत नसते.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईच्या व्हीएफएसमध्ये, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या केंद्रात, फाइल दिली. त्यानंतर फक्त वाट बघणं. त्याच दिवसांत, २५ जुलै २०२४ला, आमचे वसईचे लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. सगळी वसई रडत होती. मराठी बोलणारा ख्रिस्ती माणूस साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होऊ शकतो हे २०२०मध्ये त्यांच्यामुळे आम्ही पाहिलेलं. त्या आठवड्यात व्हिसाचा ईमेल बघायचंसुद्धा मनात येत नव्हतं. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात व्हिसा आला, तिकीट उशिरा काढल्यामुळे ५२ हजारांना पडलं, आणि बॅगेत सुकेळी, सुका जवळा आणि घरचा मसाला भरून मी सप्टेंबरच्या मध्यावर निघाले.

ब्रुसेल्स एअरपोर्टवरून लूव्हन ट्रेनने पाव तासावर आहे. तिथे विद्यार्थ्यांच्या खोलीला कोट म्हणतात, मी युनिव्हर्सिटीच्या हाउसिंग साइटवरून जूनमध्येच बघायला घेतलं होतं म्हणून मिळाला, सप्टेंबरमध्ये शोधणाऱ्यांचे फार हाल झाले. माझं भाडं ४७० युरो, लाइट-पाणी-इंटरनेट धरून, डिपॉझिट दोन महिन्यांचं. किचन आठ जणांत एक. आत शिरल्या दिवशी भिंती, गादी, बेसिन, खिडकीची कडी, सगळ्याचे फोटो काढून घरमालकाला ईमेल करा.

मग आठ कामकाजी दिवसांच्या आत नगरपालिकेत नोंदणी. त्यानंतर तुमच्या एरियाचा पोलिस घरी येऊन तुम्ही खरंच तिथे राहता का ते बघून जातो. तो कधी येणार हे सांगत नाही आणि बेलवर तुमचं नाव नसेल तर तसाच परत जाऊ शकतो. म्हणून पहिल्याच दिवशी नावाची चिठ्ठी बेलवर आणि लेटरबॉक्सवर चिकटवा. तो येऊन गेल्यावर रेसिडेन्स कार्डाची प्रक्रिया सुरू होते, मला कार्ड मिळायला नोव्हेंबर उजाडला. हेल्थ इन्शुरन्ससाठी म्युच्युअलमध्ये, म्हणजे तिथल्या आरोग्यविमा संस्थेत, नाव नोंदवायचं असतं, तिथेही एका मोठ्या संस्थेच्या नावात 'ख्रिस्ती' शब्द आहे. हे मला नंतर नीट कळलं. फ्लँडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागात, शंभर-दीडशे वर्षं समाज असाच उभा होता, कॅथलिकांच्या शाळा, कॅथलिकांची हॉस्पिटलं, त्यांची ट्रेड युनियन, त्यांचा इन्शुरन्स, आणि समाजवाद्यांचं आणि लिबरलांचं सगळं वेगळं. माणसं चर्चमध्ये जायची थांबली तरी या संस्था आणि त्यांची नावं तशीच राहिली. युनिव्हर्सिटीच्या नावातला कॅथलिक शब्द आधी या इतिहासातून वाचावा लागतो.

मला हे ठाऊक नव्हतं, म्हणून पहिला रविवार फार जड गेला. सेंट पीटर्स चर्चमध्ये गेले, गावाच्या मधोमध, टाउन हॉलच्या समोर, सुंदर चर्च आहे. मिस्साला मोजकी म्हातारी माणसं, सगळं डच भाषेत, माझ्या वयाचं जवळपास कोणीच नाही. आमच्याकडे रविवारी सकाळी मागे उभं राहायला जागा मिळत नाही, लहान पोरं पायात घुटमळत असतात, मिस्सा सुटल्यावर अर्धा तास अंगणात गप्पा चालतात. इथे सगळे पाच मिनिटांत पांगले. युनिव्हर्सिटीच्या मानचिन्हावरची बाळ येशूला घेतलेली मरियम याच चर्चमधल्या जुन्या लाकडी मूर्तीवरून घेतलेली आहे, ती मूर्ती बघत मी बराच वेळ बसून राहिले. वाईट वाटलं. आपण नक्की कुठे आलो असं झालं.

कोटवरची गोष्ट वेगळीच. बाकीचे सातही जण फ्लेमिश म्हणजे फ्लँडर्सचे, बॅचलर्सचे विद्यार्थी, चांगली पोरं. पण शुक्रवारी दुपारी चारला जिन्यावरून बॅगांची धडधड सुरू होते, मग दगडी रस्त्यावर चाकांचा खडखडाट, सगळं गाव मळके कपडे घेऊन स्टेशनकडे चाललेलं असतं. वीकेंडला सगळे आईवडिलांकडे जातात आणि रविवारी रात्री धुतलेले कपडे आणि डबे घेऊन परत येतात. बाहेरच्या देशातून आलेल्या माणसाला शनिवार-रविवार खायला उठतो. याची मनाची तयारी आधी करा, आणि शनिवारी काहीतरी ठरलेलं काम ठेवाच. मी पांगेयाला जायचे, ते युनिव्हर्सिटीचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचं बसायचं ठिकाण आहे.

आणि मग दुसऱ्याच आठवड्यात पोप फ्रान्सिस आले! युनिव्हर्सिटीच्या ६०० वर्षांच्या निमित्ताने, २७ सप्टेंबर २०२४, शुक्रवार. रस्त्यांवर बॅरिकेड्स, खिडक्यांतून डोकावणारी पोरं. आत हॉलमध्ये मोजक्यांनाच प्रवेश होता, आम्ही बाहेर गर्दीत होतो आणि नंतर भाषणं ऑनलाइन ऐकली. रेक्टर लुक सेल्स यांनी पोपसमोर उभं राहून स्त्रियांना चर्चमध्ये अधिक मोठं स्थान, अगदी धर्मगुरूपदावरसुद्धा, का मिळू नये असा प्रश्न मांडला. मी ते मागे नेऊन परत ऐकलं. दुसऱ्या दिवशी पोप लूव्हां-ला-नव्हला गेले. १९६८मध्ये भाषेच्या वादातून युनिव्हर्सिटीचे दोन भाग झाले, त्यातली फ्रेंच भाषेतली ती. तिथे ते स्त्रियांच्या भूमिकेबद्दल जे बोलले त्यावर त्या युनिव्हर्सिटीने त्याच दिवशी जाहीर नापसंतीचं पत्रक काढलं. घरी फोन केला तर पप्पा अस्वस्थ होते, पोपला असं बोलतात का म्हणे. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ही जागा मला समजू शकते, मी इथे प्रश्न विचारायलाच आलेय. रविवारी ब्रुसेल्सच्या किंग बोदवां स्टेडियममध्ये पोपचा मिस्सा होता, तिथे खच्चून भरलेल्या स्टेडियममध्ये उभं राहून मी घरच्यासारखं गायले. दोन्ही गोष्टी एकाच वीकेंडला झाल्या हे माझ्यासाठी फार बरं झालं.

स्टेडियमला जातानाच्या ट्रेनमध्ये युनिव्हर्सिटी पॅरिशची मंडळी भेटली. हा पत्ता मला वसईत असतानाच मिळायला हवा होता, म्हणून ठळकपणे सांगते: युनिव्हर्सिटीची स्वतःची पॅरिश आहे, तिचा आंतरराष्ट्रीय गट आहे आणि इंग्रजीतून मिस्सा असतो. फिलिपिन्स, नायजेरिया, व्हिएतनाम, केरळ, सगळीकडची माणसं. थिऑलॉजी शिकायला आलेले भारतीय फादर आणि सिस्टर्स तर बरेच. गोव्याचे एक फादर कोकणीत बोलायचे, मी सामवेदीत, आणि आमचं छान चालायचं. मी कॉयरमध्ये नाव दिलं आणि गुरुवारची प्रॅक्टिस सुरू झाली. या गटात कॅथलिक नसलेलीही पोरं जेवायला, गप्पांना येतात, कोणी त्यांना काही शिकवायला जात नाही.

क्लासमध्ये काय होतं ते सांगते. फिलॉसॉफी इन्स्टिट्यूट १८८९मध्ये मेर्सिए यांनी काढली, पोप तेरावे लिओ यांच्या सांगण्यावरून, मध्ययुगातले कॅथलिक तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांचा अभ्यास पुन्हा जोमाने व्हावा म्हणून. मला वाटलेलं रोज अक्वायनस असेल. तो आहे, पण एक विषय म्हणून. बाकी कांट, हायडेगर, राजकीय तत्त्वज्ञान, भाषेचं तत्त्वज्ञान. शिकवणाऱ्यांपैकी कोण श्रद्धाळू आणि कोण नाही हे वर्षभर शिकूनही तुम्हाला कळणार नाही. फ्लेमिश बॅचलर्सच्या पोरांना धर्म आणि जीवनदृष्टी यावरचा एक पेपर बहुतेक कोर्सेसमध्ये करावा लागतो, माझी कोटमेट इंजिनिअरिंगची, देव मानत नाही, ती त्याची तयारी माझ्याकडून करून घ्यायची. किचनमध्ये पास्ता उकळताना तिने मला विचारलेले प्रश्न आमच्या सेमिनारपेक्षा अवघड असायचे.

इन्स्टिट्यूटमध्ये हुसर्लचं अर्काइव्ह, म्हणजे त्याच्या हस्तलिखितांचा संग्रह, आहे आणि त्याची गोष्ट मला वर्षभर पुरली. एडमुंड हुसर्ल, फिनॉमेनॉलॉजीचा जनक, जन्माने ज्यू, १९३८मध्ये फ्रायबर्गला वारला. मागे शॉर्टहँडमध्ये लिहिलेली सुमारे ४०,००० पानं, आणि नाझी राजवट. हर्मन व्हान ब्रेडा नावाचा तरुण फ्रान्सिस्कन फादर लूव्हनहून संशोधनासाठी तिथे गेला होता, त्याने बेल्जियन वकिलातीच्या मदतीने ती सगळी पानं लूव्हनला आणली. हुसर्लच्या विधवा पत्नीलाही युद्धात जवळच्या कॉन्व्हेंटमध्ये लपवून ठेवलं. त्यातल्या एका पानाची प्रत आम्हाला दाखवली, बारीक, मुंगीच्या रांगेसारख्या ओळी. मॅडम शिकवत होत्या आणि मी त्या ओळींकडेच बघत होते. नावातला कॅथलिक शब्द जिथे सार्थ झाला अशी एक जागा मला विचारली तर मी हे अर्काइव्ह दाखवीन. दुसरी जागा म्हणजे संत डेमियन यांची समाधी. हवाईतल्या मोलोकाई बेटावरच्या कुष्ठरोग्यांत राहून तिथेच गेलेले फादर डेमियन, त्यांचे अवशेष १९३६मध्ये लूव्हनला आणले. इन्स्टिट्यूटपासून चालत जाता येतं, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी तिथे जाऊन बसायचे.

परीक्षांना तिथे मोठी शांतता असते, ब्लोक म्हणतात त्या काळाला. नाताळची सुट्टी ही सुट्टी नसतेच, जानेवारीत पेपर असतात म्हणून सगळे अभ्यासाला बसतात. लायब्ररीतली जागा ॲपवर आधी बुक करावी लागते. आमचे बरेच पेपर तोंडी होते, चिठ्ठी देतात, अर्धा तास तयारी, मग प्रोफेसरसमोर बसून बोलायचं. मार्क वीसपैकी, दहाला पास, चौदा म्हणजे चांगलेच. मुंबईतल्या टक्क्यांची सवय असेल तर पहिल्या निकालाला रडू येईल, रडू नका. जेवणासाठी आल्मा म्हणजे युनिव्हर्सिटीचं कँटीन, तेव्हा पाच-सहा युरोत गरम जेवण मिळायचं, शाकाहारीही असायचं. बारच्या संस्कृतीचं म्हणाल तर आऊदे मार्क्ट हा चौकच बारनी भरलेला आहे, कॅथलिक म्हणून कोणी कोणाला अडवत नाही, आणि पीत नसाल तर कोलावर तास काढता येतो. स्टुडंट क्लबांच्या दीक्षाविधीला बोलावलं तर मात्र नीट चौकशी करा आणि पटलं नाही तर सरळ नाही म्हणा. २०१८मध्ये एका क्लबच्या अशाच विधीत एका विद्यार्थ्याचा जीव गेला, तिथे सगळ्यांना ते आठवतं.

मला सगळ्यात एकटं वाटलं ते नाताळला. इन्स्टिट्यूट बंद, कोट रिकामा, साडेचारला अंधार. घरी करंज्या तळणं चालू होतं, व्हिडिओ कॉलवर तेलाचा आवाज ऐकू येत होता. पण मध्यरात्रीच्या मिस्साला कॉयरमध्ये उभी होते आणि नंतर नायजेरियन मैत्रिणीकडे जोलोफ राइस खाल्ला, त्यात माझा सुका जवळा घातला. तुम्ही कोणत्याही धर्माचे असा, तुमच्या सणाच्या दिवशी कुठे जायचं ते महिनाभर आधी ठरवून ठेवा. दिवाळी-गणपती करणारी भारतीय पोरंही तिथे भरपूर आहेत.

२१ एप्रिल २०२५, इस्टरचा सोमवार. सकाळी बातमी आली की पोप फ्रान्सिस गेले. मी खोलीत होते. थोड्या वेळाने दार वाजलं, माझी ती देव न मानणारी कोटमेट, नुकतीच घरून आली होती, हातात चहाचे दोन मग. म्हणाली, बातमी बघितली, तुला एकटं बसायचं असेल तर जाते. गेली नाही. माझ्याकडून तिने विचारून घेतलं की आमच्याकडे अशा वेळी काय करतात, आणि मी रोझरीचं (जपमाळेच्या प्रार्थनेचं) सांगितलं तेव्हा म्हणाली मी नुसती बसू का. बसली, पूर्ण वेळ, मान खाली घालून.

थीसिस जूनमध्ये दिला, डिफेन्स झाला, चौदा मिळाले. निघण्याआधीची कामं सांगते कारण ती सगळे विसरतात. नगरपालिकेत जाऊन नोंद रद्द करायची. म्युच्युअलला, बँकेला कळवायचं. कोट रिकामा करताना ते पहिल्या दिवशीचे फोटो काढून दाखवायचे, माझं डिपॉझिट साफसफाईचे ४० युरो वजा होऊन परत आलं. आणि डिप्लोमाचं लीगलायझेशन तिथे असतानाच करून घ्या, इथून पोस्टाने करणं फार कटकटीचं.

एक शेवटचं, एक वर्षाच्या मास्टर्सबद्दल. भारतात नेट देऊन शिकवायचं असेल किंवा सरकारी नोकरीत ही डिग्री दाखवायची असेल तर समकक्षतेची चौकशी निघायच्या आधी करा, यूजीसीने एप्रिल २०२५मध्ये परदेशी डिग्र्यांसाठी नवे नियम काढलेत ते वाचा. माझं इथलं दोन वर्षांचं एमए आधीच होतं म्हणून मला अडचण नाही, पण बीए करून थेट जाणाऱ्यांनी हे बघितल्याशिवाय अर्जाची फी भरू नका. कागदपत्रांचं काही अडलं तर विचारा, आडनावाचं असेल तर नक्की विचारा, ॲफिडेव्हिटचा मसुदा माझ्याकडे आहे.